‘पायांची बोटे आवळा आणि सैल सोडा’ : उच्चस्तरीय दिव्यांग खेळाडूंसाठीच्या एका मानसिक कौशल्य प्रशिक्षणाचे परीक्षण

पहिल्या आठवड्यात आलेल्या ध्वनिफितीची सुरुवात अशी होती : ‘डोळे मिटा. आता पायांची बोटे घट्ट आवळा, पाचपर्यंत मोजा आणि सैल सोडा.’ माझ्या चारही खेळाडूंनी ती एकाच संध्याकाळी ऐकली. त्यांपैकी व्हीलचेअर शर्यतीत उतरणाऱ्या खेळाडूच्या मज्जारज्जूला मानेच्या पातळीवर इजा झालेली असल्यामुळे त्याला छातीखालची संवेदनाच नाही. बोचिया (पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू पोहोचवण्याचा खेळ) खेळणाऱ्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील इजेमुळे स्नायूंवरचे नियंत्रण बिघडवणारी अवस्था, आहे; त्याने बोटे आवळण्याचा प्रयत्न करताच पोटरीत पेटका आला आणि तो ओसरेपर्यंत फीत संपूनही गेली. जलतरणपटूचा एक पाय गुडघ्याखाली नाही आणि नसलेल्या पायाची बोटे आवळण्याच्या नादात तिचे तेथील जुने दुखणे रात्रभर जागे राहिले. ज्या एका खेळाडूला ही सूचना शब्दशः पाळता आली, ती जन्मापासून दृष्टिहीन असलेली धावपटू. आणि तिला ‘डोळे मिटा’ या वाक्याचा काही उपयोग नव्हता.

हे परीक्षण त्या फितीवरच थांबले असते, तर ते एका परिच्छेदाचे झाले असते. परंतु चोवीस आठवड्यांच्या या प्रशिक्षणाच्या अखेरीस मी त्याची शिफारस करणार आहे, आणि ती कोणत्या अटींवर करणार आहे हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. सेवेचे स्वरूप असे होते : दर आठवड्याला दूरदृश्य माध्यमातून एक सामूहिक सत्र, प्रत्येक खेळाडूसाठी क्रीडा मानसशास्त्रज्ञांबरोबर एक वैयक्तिक सत्र, सरावासाठी ध्वनिफिती, एक कार्यपुस्तिका आणि हृदयाचे ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा. शिकवली जाणारी कौशल्ये या क्षेत्रातली रूढ कौशल्येच होती, म्हणजे ध्येयनिश्चिती, शिथिलीकरण, कल्पनाचित्रण (मनातल्या मनात खेळाचा सराव), स्वसंवाद, एकाग्रता आणि स्पर्धापूर्व क्रम (खेळण्याआधी ठरावीक कृती ठरलेल्या ओळीने करणे). सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण खाली नोंदवलेले दोष या क्षेत्रातील बहुतेक तयार साहित्यात आढळतात.

स्नायू आवळून सोडण्याची पद्धत एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. ताण आणि शिथिलता यांतला फरक स्नायूंनाच जाणवून द्यावा, म्हणजे नकळत साठलेला ताण ओळखता येतो, हे तिच्यामागचे सूत्र आजही योग्य आहे. मात्र ही पद्धत गृहीत धरते की स्नायू आज्ञा पाळतील, ती पाळल्याची जाणीव मेंदूपर्यंत परत येईल आणि आवळलेला स्नायू सोडल्यावर सैल होईल. माझ्या खेळाडूंच्या शरीरांत या तिन्ही गृहीतकांपैकी कोणते ना कोणते लागू पडत नव्हते. दुसऱ्या आठवड्यातील वैयक्तिक सत्रांत मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रत्येकाकडून काय घडले ते शांतपणे ऐकून घेतले, ती फीत बाजूला ठेवायला सांगितली आणि चौघांसाठी चार वेगळे पाठ तयार केले. बोचियाच्या खेळाडूसाठी आवळण्याची पायरी पूर्णपणे वगळून ‘हात जड होत आहे, हात उबदार होत आहे’ अशा स्वयंसूचनांची पद्धत घेतली. जलतरणपटूला त्यांनी विचारले की, नसलेला पाय तिला व्यायामात हवा आहे की नको. तिने ‘नको’ म्हटल्यावर शिथिलीकरण खांद्यांपासून सुरू होऊन मांड्यांशी संपू लागले. असा प्रश्न विचारण्याचे त्यांना सुचले, याच कारणासाठी वैयक्तिक सत्रांना मी या सेवेतला सर्वोत्तम भाग मानतो.

व्हीलचेअर शर्यतपटूच्या बाबतीत या सत्रांचे मोल आणखी स्पष्ट झाले. स्पर्धेच्या आधी खेळाडू किती उत्तेजित आहे, हे छातीवरच्या पट्ट्यावरून कळावे अशी योजना होती. हृदयाचा वेग वाढवणारे अनुकंपी चेतातंतू मज्जारज्जूच्या छातीतील वरच्या भागातून निघतात. इजा त्याच्या वर, मानेत आणि पूर्ण स्वरूपाची असेल, तर मेंदूचा हा आदेश हृदयापर्यंत पोहोचत नाही आणि पराकाष्ठेच्या श्रमातही ठोके बहुधा मिनिटाला 100 ते 130च्या आसपासच थांबतात. त्यामुळे सराव शर्यतीपूर्वी प्रचंड अस्वस्थ असलेल्या या खेळाडूचा आलेख संगणकाने ‘शांत’ या रकान्यात टाकला. तळहाताचा घाम, पोटातली कालवाकालव, पायांतला कंप ही नेहमीची लक्षणेही त्याच्याकडे नव्हती किंवा अपुरी होती. मानसशास्त्रज्ञांनी पट्टा बंद केला आणि त्याच्याकडूनच खुणा काढून घेतल्या : जबडा किती आवळला आहे, मान किती ताठ आहे, विचार एकमेकांवर आदळत आहेत की ओळीने येत आहेत. या तीन खुणांवर आधारलेली दहा अंकांची मोजपट्टी तो आजही वापरतो. श्वसनाचा पाठही त्यांनी बदलला, कारण श्वासपटल काम करत असले तरी बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू साथ देत नसल्यामुळे लांब उच्छ्वासाची मोजणी त्याला दमवत होती.

याच सत्रात त्यांनी एक गोष्ट स्वतःहून काढली, जी अनेक अनुभवी प्रशिक्षकांनाही ठाऊक नसते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असलेल्या व्यक्तीला अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली, इजेच्या वरच्या भागात घाम आणि अंगावर काटा अशी लक्षणे दिसू लागली, तर ती स्पर्धेची घबराट समजून श्वसनाचे व्यायाम देत बसणे धोक्याचे असते. भरलेले मूत्राशय किंवा घट्ट पट्टा यांसारख्या कारणाने रक्तदाब एकाएकी चढल्याची ती चिन्हे असू शकतात आणि ती वैद्यकीय आणीबाणी असते. कामगिरी वाढवण्यासाठी काही खेळाडू ही अवस्था मुद्दाम ओढवून घेत असत. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने त्यावर बंदी घातली आहे. मन कुठे संपते आणि शरीर कुठे सुरू होते, हे ओळखण्याइतके वैद्यकीय ज्ञान प्रशिक्षकाकडे नसेल, तर या गटातील खेळाडूंना त्याच्या हाती सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे.

कल्पनाचित्रणाचा भाग मला सर्वांत समृद्ध वाटला. त्याचा पाया म्हणून ‘पेटलेप’ हे प्रारूप घेतले होते. होम्स आणि कॉलिन्स यांनी 2001 मध्ये मांडलेल्या या प्रारूपानुसार मनातला सराव हा शरीराची स्थिती, परिसर, कृती, वेळ, शिकण्याची अवस्था, भावना आणि दृष्टिकोन या सात अंगांनी प्रत्यक्ष खेळाशी जुळायला हवा. हे प्रारूप दिव्यांग खेळाडूंसाठी मुद्दाम रचलेले नाही, तरीही प्रामाणिकपणे वापरले तर ते त्यांच्या फार उपयोगी पडते, कारण ते प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या शरीराकडे परत आणते. जलतरणपटूने मनातला सराव कृत्रिम पाय काढून, ब्लॉकवर उतरताना असते त्याच तोलात बसून केला. शर्यतपटूने तो हातमोजे चढवून, शर्यतीच्या खुर्चीत पुढे झुकून केला. आणि तेव्हा एके दिवशी त्याने सांगितले की, मनातल्या शर्यतीत तो अजूनही पायांवर धावतो. मानसशास्त्रज्ञांनी ते चित्र दुरुस्त करण्याची घाई केली नाही. त्या शर्यतीत त्याला काय जाणवते ते ऐकून घेतले आणि त्यातला शेवटच्या वळणाचा आवेग तेवढा उचलून खुर्चीतल्या शर्यतीत कसा आणता येईल, यावर पुढची तीन सत्रे घालवली.

दृष्टिहीन धावपटूसाठी सामूहिक सत्रांतले ‘डोळ्यांसमोर आणा’ हे वाक्य निरुपयोगी होते. वैयक्तिक सत्रांत मात्र तिच्या 400 मीटर शर्यतीचे मनोचित्र आवाज, स्पर्श आणि तोल यांतून उभे राहिले : मनगटाला जोडलेल्या दोरीचा ताण, दोरीचे दुसरे टोक धरून सोबत धावणाऱ्या गाइडच्या पावलांचा ठेका, वळणावर आत कलणारे अंग, सरळ मार्गावर लागताच बदलणारा वारा. हे चित्र इतके नेमके झाले की, तिने मनात धावलेल्या शर्यतीची वेळ घड्याळाशी ताडून पाहता येऊ लागली.

येथेच सेवेतली सर्वांत मोठी उणीव उघडी पडली. टी11 या जवळपास पूर्ण दृष्टिहीन धावपटूंच्या गटात खेळाडू अपारदर्शक पट्टी बांधून गाइडबरोबर धावते आणि अंतिम रेषा तिने गाइडच्या आधी ओलांडावी लागते; म्हणजे दोन माणसांच्या मज्जासंस्था एका दोरीला बांधलेल्या असतात. असे असूनही नोंदणी फक्त खेळाडूचीच होती. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना थांबवतात त्या खोलीत, तिने श्वास आवरला, पण शेजारचा गाइड भेदरलेला असला, तर त्याची भीती दोरीतून तिच्यापर्यंत पोहोचणारच. मी आग्रह धरल्यावर दहाव्या आठवड्यापासून गाइडला सत्रांत घेतले गेले, तोपर्यंत नऊ आठवडे वाया गेले होते. बोचियात ज्या उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतात तो रॅम्प हलवणाऱ्या साहाय्यकाचेही तसेच झाले. बीसी3 गटात तो मैदानाकडे पाठ करून बसतो, खेळाकडे पाहू शकत नाही आणि केवळ खेळाडूच्या सूचनेप्रमाणे रॅम्प हलवतो. खेळाडूचे बोलणे सावकाश होते आणि डावाचे घड्याळ चालूच असते, म्हणून त्यांचा चेंडूपूर्व क्रम दोघांनी मिळूनच बसवायला हवा होता. अखेर त्यांनी तो बसवला : एक श्वास, जॅक म्हणजे लक्ष्य असलेल्या पांढऱ्या चेंडूकडे एक नजर, दोन अक्षरांचा एक संकेतशब्द. त्यानंतर सहावा चेंडू घाईत सोडण्याची त्याची जुनी सवय बरीच आटोक्यात आली.

कार्यपुस्तिकेबद्दल थोडक्यात लिहितो. ती पानांची छायाचित्रे काढून बनवलेली असल्याने धावपटूच्या वाचक सॉफ्टवेअरला एक शब्दही वाचता आला नाही, आणि हाताने लिहू न शकणाऱ्या बोचिया खेळाडूसमोर ‘दररोज एक पान लिहा’ हा उपक्रम ठेवला गेला. तक्रारीनंतर ध्वनिरोजनिशीची सोय झाली. दिव्यांग खेळाडूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साहित्यात ही चूक मुळातच होता कामा नये.

सामूहिक सत्रांत ‘अपंगत्वावर मात’ हा शब्दप्रयोग पुनःपुन्हा येत असे. जलतरणपटूने एकदा त्याला सरळ उत्तर दिले : “सर, मला पायावर मात करायची नाही, शेवटच्या पंधरा मीटरवर करायची आहे.” सत्र घेणाऱ्या प्रशिक्षकांनी ते मनावर घेतले आणि पुढच्या सत्रापासून चर्चा शर्यतीच्या टप्प्यांवर आली, याची नोंद मी आनंदाने करतो. उच्चस्तरीय खेळाडू येथे सांत्वनासाठी येत नाही. 1948 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे 16 जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली, तेव्हापासून दिव्यांगांच्या खेळांची ही चळवळ खूप पुढे आली आहे आणि 2024च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 549 सुवर्णपदकांसाठी झुंज झाली. तिची भाषाही खेळाचीच असायला हवी.

एक विषय अभ्यासक्रमात कोठेच नव्हता आणि तो नसणे मला खटकले. तो म्हणजे वर्गीकरण. खेळाडू कोणत्या गटात खेळेल, किंवा मुळात पात्र ठरेल की नाही, हे वर्गीकरण करणारे पथक ठरवते आणि अनेकदा ही तपासणी स्पर्धेच्या तोंडावर होते. महिनोन्‌महिने आपण खेळाडूला जे जमते त्याकडे लक्ष द्यायला शिकवतो; त्या खोलीत मात्र त्याला जे जमत नाही ते अनोळखी माणसांपुढे पूर्णपणे दाखवावे लागते. त्यात आपण नाटक करतो आहोत असे कोणाला वाटले तर, ही धास्तीही असते. माझ्या बोचिया खेळाडूची पुनर्तपासणी बाविसाव्या आठवड्यात होती. त्याचा गट कायम राहिला, पण तपासणीच्या आदल्या रात्री त्याला झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या सामन्यात त्याचा क्रम पूर्ण विस्कटला. तपासणीपूर्वी काय विचारले जाईल याची तालीम, निकाल प्रतिकूल लागल्यास पहिल्या तासात काय करायचे याची योजना आणि तपासणीनंतर पुन्हा खेळाडूच्या भूमिकेत येण्याचा एक छोटा विधी, एवढे तीन पाठ तरी असायलाच हवेत. मी तशी लेखी सूचना केली असून ती स्वीकारल्याचे उत्तर आले आहे.

ज्यांना हे प्रशिक्षण घ्यायचे आहे, त्यांनी नोंदणीपूर्वी वैयक्तिक सत्रे कोण घेणार आहे आणि त्या व्यक्तीने आपल्या प्रकारच्या शरीराबरोबर पूर्वी काम केले आहे का, हे विचारावे. तयार फिती खेळाडूच्या हाती देण्याआधी प्रशिक्षकाने स्वतः ऐकाव्यात. आमच्या चौघांनी पुढील सत्रासाठी नावे दिली आहेत. या वेळी गाइड आणि रॅम्प साहाय्यक यांची नावे पहिल्या आठवड्यापासूनच यादीत आहेत.