पाटी बदलली, पत्ता मागे राहिला: ट्विटर ते एक्स

२४ जुलै २०२३ रोजी ट्विटरच्या वेबसाइटवरून निळा पक्षी गेला आणि एक्स आला. त्या दिवशी एक्स डॉट कॉम टाइप केलं तरी उघडत होतं ट्विटर डॉट कॉमच. मुख्य डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, बदललं १७ मे २०२४ ला, जवळपास दहा महिन्यांनी. स्टार्टअप चालवणाऱ्यांनी या रीब्रँडचा अभ्यास करायचा तर या मधल्या काळाचा करावा. लोगो आवडला की नाही, हा त्यापुढे किरकोळ मुद्दा आहे.

एप्रिल २०२४ मध्ये आयफोनच्या अ‍ॅपवर पोस्टमधलं ‘ट्विटर डॉट कॉम’ आपोआप ‘एक्स डॉट कॉम’ असं दिसू लागलं. बदल फक्त दिसण्यात होता, लिंक मूळ पत्त्यावरच जायची. शिवाय ही अक्षरं दुसऱ्या एखाद्या डोमेनच्या शेवटी आली तरी बदलली जायची. म्हणजे ‘नेटफ्लि’ला ‘ट्विटर डॉट कॉम’ जोडून कुणी डोमेन घेतलं, की वाचणाऱ्याला थेट नेटफ्लिक्स डॉट कॉम दिसणार. फिशिंगला, म्हणजे खोट्या साइटवर नेऊन पासवर्ड चोरण्याला, आयतं दार! ही चूक लवकर सुधारली गेली, पण असा कोड मुळात बाहेर पडायलाच नको होता. यूआरएल (पूर्ण वेबपत्ता) आधी पार्स करा, म्हणजे त्याचे भाग वेगळे करा, पूर्ण होस्टनेम (साइटचं नाव असलेला भाग) तंतोतंत जुळलं तरच बदला आणि दिसणारा पत्ता व खरा पत्ता वेगळे राहू देऊ नका. चाचण्यांमध्ये शेवट सारखा असलेली परकी डोमेनं मुद्दाम घाला.

लॉगिनचा प्रश्न याहून खोल आहे. कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन आहात ही ब्राउझरमधली खूण, डोमेनला बांधलेली असते, त्यामुळे नव्या पत्त्यावर सेशन (चालू लॉगिन) हस्तांतरित केलं नाही तर सगळे वापरकर्ते एकदम लॉगआउट होतात. ओऑथ, म्हणजे एका साइटच्या खात्याने दुसरीकडे लॉगिन करण्याची पद्धत; तिचे कॉलबॅक पत्ते (लॉगिननंतर परत येण्याचे पत्ते) भागीदारांकडून बदलून घ्यावे लागतात, त्याला वेळ लागतो. सिक्युरिटी की (लॉगिनसाठीची डिजिटल किल्ली) तर नोंदणीच्या वेळच्या डोमेनशीच जोडलेली असते; रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे आपोआप वळवणं) लावून ती नव्या डोमेनवर चालत नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सला सांगावं लागलं, की ट्विटर डॉट कॉमवर नोंदवलेल्या की १० नोव्हेंबरपर्यंत पुन्हा नोंदवा, नाहीतर खातं लॉक होईल. नाव बदलून तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती. दोन्ही डोमेनं समांतर चालवून, जुन्यावर लॉगिन होताच नव्याची नोंदणी मागितली, तर अशी शेवटची तारीख बरीच सौम्य होते. वेबऑथनमध्ये, म्हणजे अशा की ज्यावर चालतात त्या मानकात, आता संबंधित डोमेनं जाहीर करायची सोय आहे, पण आपल्या वापरकर्त्यांचे ब्राउझर ती मानतात का, हे आधी तपासा.

नावाच्या निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लहान कंपनीने एकाक्षरी नाव घेऊ नये. अ‍ॅप स्टोअरला नावात किमान दोन अक्षरं लागतात. एक्ससाठी अपवाद झाला, नवख्या कंपनीने तो गृहीत धरू नये. मायक्रोसॉफ्ट आणि मेटा यांच्याकडे एक्सशी संबंधित ट्रेडमार्क आधीच होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या ‘एक्स सोशल मीडिया’ या जाहिरात कंपनीने खटलाही भरला. इंडोनेशियात तर एक्स डॉट कॉम काही काळ ब्लॉकच झालं होतं, कारण त्या डोमेनवर पूर्वी जुगार आणि अश्लील मजकूर असल्याची नोंद होती. जुनं डोमेन विकत घेताना त्याचा पूर्वेतिहास वेब आर्काइव्हवर (जुनी वेबपानं जपणारी साइट) आणि ब्लॉकलिस्टमध्ये बघूनच पैसे द्या.

मराठी बातम्यांत ‘एक्स (पूर्वीचे ट्विटर)’ अजून वाचायला मिळतं. ‘ट्वीट’ हे क्रियापद लोकांनी स्वतः उचललं होतं; त्याजागी ‘पोस्ट’ आणून वेगळी ओळख राहिली नाही, हे मला सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

एक काम मात्र चांगलं झालं. जुन्या ट्विटर लिंका आजही नव्या पत्त्यावर पोचवतात. तुम्हीही कायमचं, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, प्रत्येक पानाचं त्याच पानाकडे लावा. सगळं होमपेजवर ढकलू नका. जुन्या डोमेनचं नूतनीकरण एकदम दहा वर्षांचं करता येतं, ते करून टाका. ते सुटलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर तुमच्या जुन्या ईमेलवर येणारे पासवर्ड रीसेट त्याच्या हाती पडतात.