विमानाच्या दाराला चिकटपट्टी लावावी की बीडिंग?

घरी विमान बांधणाऱ्याला दाराचं रबर अगदी शेवटी आठवतं. तोवर इंजिन बसलेलं असतं, रंग झालेला असतो आणि पैसेही संपत आलेले असतात. कुपवाडच्या शेडमध्ये दोन आसनी, वर पंख असलेलं विमान जोडताना मीही दाराची फट ‘बघू नंतर’ म्हणून सोडून दिली होती. पुढे दोन्ही प्रकारची रबरं लावून झाली. ज्यांचं अजून ठरायचंय, त्यांच्यासाठी हा अनुभव.

हातपंपाने फुगवायचं सील अमेरिकेत काही जण लावतात. ते उत्तमच असेल, पण आपल्याकडे पंक्चर झालं तर नवं कुठून आणणार? म्हणून मी ते सोडून देतो. खरी निवड दोघांतच आहे. एक, पाठीला चिकट असलेली ‘डी’ आकाराची ईपीडीएम या कृत्रिम रबराची फोम पट्टी. दुसरी, मोटारीच्या दाराला असते त्या जातीची बीडिंग: आत पत्र्याचा कणा, तो चौकटीच्या काठावर दाबून बसवायचा, आणि बाजूला रबराचा पोकळ फुगा.

आधी फट मोजा. प्लास्टिकच्या कागदात मुलांच्या क्लेच्या गोळ्या गुंडाळून चौकटीवर ठेवायच्या, दार लावायचं, उघडायचं आणि चपट्या झालेल्या गोळ्यांची जाडी बघायची. माझ्याकडे बिजागरीजवळ ४ मिलिमीटर आणि मागच्या कोपऱ्यात ९ निघाली. म्हटलं, कारागीर मीच, बोलणार कुणाला? शिवाय ही जमिनीवरची फट. हवेत केबिनच्या बाहेरचा दाब कमी होतो, दार बाहेर ओढलं जातं आणि कोपरा आणखी उघडतो. म्हणजे जे रबर ४ मध्येही मावेल आणि ९ च्या पुढेही टेकून राहील, तेच कामाचं. फोमची पट्टी इथे थोडी कमी पडते, पोकळ फुगा जास्त सांभाळून घेतो.

तरी सुरुवात मी पट्टीनेच केली, आणि त्यात काही चूक होती असं आजही म्हणणार नाही. स्वस्त, हलकी, एका दुपारचं काम, चुकलं तर खरवडून पुन्हा. चौकट नळीची असेल, बीडिंगला धरायला पत्र्याचा काठच नसेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही, पट्टीच घ्या. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर किंवा ॲसिटोन अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीजवळ नेऊ नका, बारीक तडे जातात. पट्टी ताणून लावू नका. ती पुन्हा आखडते आणि कोपऱ्यात उघडी पडते. चांगल्या अ‍ॅक्रिलिक चिकटपट्टीला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तेवढा वेळ दार उघडंच ठेवा. हे सगळं मी पाळलं होतं.

मग आला एप्रिल. विमान कराडच्या धावपट्टीजवळ दिवसभर उन्हात उभं. बंद केबिनची भट्टी झालेली, पट्टी दाराच्या रंगावर दाबून बसलेली. संध्याकाळी दार उघडलं तर पट्टी चौकट सोडून दाराबरोबर आली. हातभर लोंबत होती. पुन्हा चिकटवली. चार दिवसांनी तेच. पावडर लावली तर तिच्यावर धूळ बसली. सिलिकॉन स्प्रे मारला, तर दार सुटायला लागलं खरं, पण उखडलेला तुकडा परत चौकटीला धरेना. शेवटी शेवटी दार उघडताना माझा डावा हात आपोआप पट्टी धरायला जायचा.

एवढंही चालवून घेतलं असतं. पण एकदा ती लोंबती पट्टी कडीच्या खिट्टीत अडकली. हँडल बंद दिसत होतं, खिट्टी मात्र अर्धीच गेली होती. उड्डाणाआधी इंजिन वाढवून बघताना दार थरथरलं म्हणून कळलं. आरव्ही-१० या घरी जोडायच्या विमानाची वर उघडणारी दारं नीट न लागल्यामुळे हवेत उघडून उडून गेल्याचे प्रकार झालेत; त्यावर कंपनीने नंतर जादा कडीची सोय दिली. हे मी आधी वाचलेलं होतं. त्या संध्याकाळी पट्टी काढायचं ठरवलं.

बीडिंगनेही त्रास दिलाच. काठाची जाडी सगळीकडे सारखी लागते. माझ्याकडे जोडावर दोन पत्रे आणि मध्ये रिव्हेट, तिथे ती उचलायची. कानस घेऊन अख्खा दिवस गेला. कोपऱ्याची गोलाई लहान असेल तर फुगा दुमडतो. कापलेल्या टोकांना पावसाळ्यात गंज धरतो, तिथे रंगाचा हात द्यावा लागतो. दोन्ही दारांचं मिळून किलोभर वजन वाढलं. आणि पहिली आणलेली बीडिंग इतकी कडक निघाली की दार खांद्याने रेटावं लागे. म्हणजे पुन्हा खिट्टीचीच भीती. फुगा बोटाने सहज अर्धा दबला पाहिजे, तरच घ्या. जोड खालच्या बाजूला ठेवा, आणि कापताना बोटभर जास्त कापून कोंबून बसवा. टाकी पंखात असेल तर दारावर पेट्रोल ठिबकलं की लगेच पुसा. ईपीडीएम पेट्रोलने फुगतं, मग ती पट्टी असो की बीडिंग.

आवाजाचं म्हणाल तर माझ्याकडे मीटर नाही, दाजी आहेत. पट्टीच्या दिवसांत आगाशिवच्या डोंगरापाशी पोचायच्या आत ते विचारायचे, “पाव्हणं, कुकर लावलाय व्हय?” बीडिंग लावल्यावर शिट्टीबद्दल बोलले नाहीत, सीट टोचते म्हणाले. शिट्टी पूर्ण गेली असं नाही. विमान एका कुशीवर घसरवत उतरलं की अजून ऐकू येते. खालच्या फटीतून एक्झॉस्टचा वास यायचा, तो बंद झाला. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू केबिनमध्ये आला तर दाखवणारं कार्ड मात्र मी काढलेलं नाही, तुम्हीही काढू नका.

काठ असेल तर मी बीडिंगकडे झुकेन. मिरजेत सीटकव्हरच्या दुकानात मीटरवर मिळते. जाताना चौकटीच्या पत्र्याचा तुकडा खिशात टाका, पकड तिथेच लावून बघता येते. कशाला हवी असं विचारलं तर मी टेम्पोला म्हणून सांगतो. एकदा खरं सांगितलं होतं, तर चहा मागवून अर्धा तास बसवून ठेवलं आणि भाव काही कमी केला नाही.