कुकीच्या बॅनरला वैतागलात? कन्सेंट-ओ-मॅटिक टाकून बघा

जर्मनीत राहायला आल्यापासून या कुकी बॅनरनी (कुकी म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटीशी नोंद) अक्षरशः डोकं उठवलं होतं, कुठलीही साइट उघडा, आधी ते परवानगीचं विचारणार, आणि 'सगळं स्वीकारा' हे बटण मोठं हिरवंगार, नकार मात्र सेटिंग्जच्या आत कुठेतरी बारीक करड्या अक्षरात. एका बातम्यांच्या साइटवर तर 'लेजिटिमेट इंटरेस्ट' (म्हणजे 'आमचं रास्त हित आहे' असं सांगून संमतीशिवाय माहिती वापरणं) या नावाखाली सगळी बटणं आधीच चालू करून ठेवलेली, एकेक बंद करत बसले, बातमी राहिलीच बाजूला. युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, म्हणजे संमती स्वेच्छेने दिलेली हवी, मग अशी दमवून घेतलेली संमती कसली हो?

तर दोन महिन्यांपूर्वी फायरफॉक्सवर कन्सेंट-ओ-मॅटिक हे ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन टाकलं. डेन्मार्कच्या आऱ्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलंय, फुकट आहे आणि कोडही खुला आहे. मला आवडलं ते हे की बॅनर नुसता लपवत नाही, तुम्ही एकदा पसंती ठरवून दिली की तुमच्या वतीने आत जाऊन फॉर्म भरतं. बॅनर क्षणभर दिसतो आणि जातो, बस्स.

सगळीकडे चालत नाही हं, जरा वेगळ्या धाटणीचा बॅनर असला की अडतं, तिथे हातानेच करावं लागतं. आणि ट्रॅकर, म्हणजे आपण कुठे काय बघतो यावर पाळत ठेवणारे कोड, अडवणं हे त्याचं काम नाही, त्यासाठी सोबत युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन ठेवाच. मी आईच्या लॅपटॉपवरही दोन्ही बसवून दिलीत, तिला आता सहसा काही दाबावं लागत नाही.