आधी ‘फ्रँकेन्स्टाइन’ की ‘ड्रॅक्युला’?

गॉथिक, म्हणजे गूढ आणि भयाच्या, कादंबऱ्यांना हात घालायचा म्हटलं की ‘फ्रँकेन्स्टाइन’ची मेरी शेली आणि ‘ड्रॅक्युला’चा ब्रॅम स्टोकर ही दोन नावं समोर येतातच. रात्री उठून खिडकीची कडी तपासावीशी वाटेल अशी भीती हवी असेल, तर ‘ड्रॅक्युला’ घ्या. पण एकच वाचणार असाल, तर मी ‘फ्रँकेन्स्टाइन’ हातात देईन.

मेरी अकरा दिवसांची असताना तिची आई, मेरी वोल्स्टनक्राफ्ट, गेली. सतराव्या वर्षी मेरीला मुलगी झाली ती दिवस भरण्याआधीच, आणि काही दिवसांतच दगावली. मग तिने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलं: बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर जिवंत झालं. पुढच्या वर्षी, १८१६ साली, इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीच्या राखेने युरोपचा उन्हाळाच हरवला. जिनिव्हा सरोवराकाठी पावसाने घरात कोंडून घातलेल्या मंडळींना कवी बायरनने भुताची गोष्ट लिहायला सांगितलं आणि मेरीची गोष्ट सुरू झाली. १८१८ मध्ये ती छापून आली, तीही निनावी.

ते स्वप्न ठाऊक असलं की कादंबरी वेगळीच वाचली जाते. फ्रँकेन्स्टाइन हे नाव शास्त्रज्ञाचं, व्हिक्टरचं. त्याने घडवलेल्या जिवाला नावच नाही. एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो लपून राहतो, फटीतून आतलं कुटुंब पाहत भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकूडफाटा आणून ठेवतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो. म्हाताऱ्याचा मुलगा येतो आणि या जिवाला काठीने झोडपून काढतो. मला या पुस्तकात सगळ्यात जास्त हे पान छळतं.

स्टोकर डब्लिनचा. सात वर्षांचा होईपर्यंत आजारपणात अंथरुणाला खिळलेला, आईकडून स्लायगो गावातल्या कॉलऱ्याच्या साथीच्या हकिकती ऐकत वाढलेला. पुढे लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा कारभार त्याने २७ वर्षं सांभाळला. ट्रान्सिल्व्हेनियात तो कधी गेला नाही. आपल्या रक्तपिपासू काउंटसाठी, म्हणजे सरदारासाठी, ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याला इंग्लंडमधल्या व्हिट्बी गावच्या वाचनालयातल्या एका पुस्तकात मिळालं. १८९७ ची ही कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा, बातम्या यांतून पुढे सरकते, म्हणून खरी वाटते. पाहुणा दाढी करतोय, काउंट मागे उभा आहे आणि आरशात मात्र तो दिसतच नाही: हा प्रसंग काही ओळींचाच, पण अंगावर काटा येतो. मधली पाठलागाची पानं मात्र रेंगाळतात.

प्रभावाचं म्हणाल तर रक्तपिपासूचा साचा स्टोकरने पक्का केला. स्टीफन किंगची ‘सालेम्स लॉट’ त्यातूनच आली आणि तिच्यावरून नारायण धारपांची ‘लुचाई’. ती वाचली असेल तर स्टोकर ओळखीचा वाटेल. मेरीचा प्रभाव भयकथेपुरता राहिला नाही. विज्ञानकथेचं मूळ अनेक जण तिच्यापाशीच नेऊन ठेवतात.

‘फ्रँकेन्स्टाइन’ घेताना आवृत्ती बघा. १८३१ मध्ये मेरीने तिच्यात बरेच बदल केले: आधी नायकाची आतेबहीण असलेली एलिझाबेथ पोरकी, दत्तक आलेली झाली आणि नियतीचं पारडंही जड झालं. मी १८१८ चीच सुचवेन, कारण तिच्यात व्हिक्टरला जबाबदारी नशिबावर सहजासहजी ढकलता येत नाही. १८३१ ची प्रस्तावना तेवढी मागाहून वाचा. जिनिव्हाच्या त्या दिवसांची हकिकत मेरीने स्वतः तिथे सांगितली आहे.