हिरवा दिवा लागला म्हणजे राउटर खरा नव्हे

हॉटेलचं वायफाय घेऊन आपल्या उपकरणांना स्वतःचं वेगळं नेटवर्क देणाऱ्या, प्रवासात न्यायच्या छोट्या राउटरमधली फसवणूक पचून जाते, कारण यंत्र चालतं. नकली चार्जर तापतो, नकली मेमरी कार्ड अर्ध्यावर फायली खातं, म्हणजे ते स्वतःच चुगली करतात. पण जिची सगळी दारं उघडी आहेत अशी फायरवॉल (बाहेरून येणारी वाहतूक अडवणारी भिंत) रोजच्या वापरात उत्तम फायरवॉलइतकीच शहाण्यासारखी वागते. पान उघडतं, व्हिडिओ चालतो, घेणारा खूश. बिंग फुटायचं तर मुद्दाम काहीतरी तोडून बघावं लागतं, आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत ते कोणी करत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण २०१४ चं आहे. अनॉनाबॉक्स नावाच्या खिशात मावणाऱ्या राउटरसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ७,५०० डॉलर मागितले होते. सगळी वाहतूक टॉरमधून, म्हणजे ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून, जाईल आणि हार्डवेअर खास आम्हीच घडवलेलं आहे, असा दावा होता. थोड्याच दिवसांत जवळपास ६ लाख डॉलरची बोली जमली. मग जाणकारांनी दाखवून दिलं की बोर्ड बाजारात तयार मिळणाराच आहे आणि फर्मवेअरमध्ये (यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) सगळ्या नगांना एकच रूट, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड आहे. किकस्टार्टरने मोहीम थांबवली. पुढे दुसऱ्या वाटेने तो विकला गेला आणि २०१५ मध्ये पहिले ३५० नग परत मागवावे लागले, कारण त्याच्या वायफायला पासवर्डच नव्हता. गंमत म्हणजे त्यातलं टॉर चालत होतं!

आजच्या जाहिराती इतक्या उघड्या पडत नाहीत. त्या खोटं बोलत नाहीत, खरं वाक्य भलत्या जागी ठेवतात. ‘लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन’ म्हणजे एईएस-२५६. अमेरिकेने हे मानक २००१ मध्ये स्वीकारलं आणि ते तुमच्या फोनमध्ये आधीपासून आहे. ‘हॉटेलच्या वायफायवर कोणीही तुमचा बँकेचा पासवर्ड चोरेल’ हा बागुलबुवाही तसाच. बँकेचं पान एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, चालतं, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या माणसाला नुसतं ऐकून पासवर्ड मिळत नाही. खरे धोके वेगळे आहेत. २०१४ मध्ये कॅस्परस्कीने उघड केलेल्या डार्कहॉटेल प्रकरणात हॉटेलच्या नेटवर्कवरून पाहुण्यांना सॉफ्टवेअरच्या खोट्या अपडेट दिल्या जात होत्या. राउटरने त्याविरुद्ध थोडी मदत होते, पूर्ण नाही. विक्रेता ‘पूर्ण’ म्हणाला की तिथेच थांबावं.

‘एकदा पैसे भरा, आजन्म व्हीपीएन फुकट’ असं लिहिलेली पेटी घेताना एकच प्रश्न विचारा: तुमची वाहतूक कुलूपबंद करून व्हीपीएन ज्यातून बाहेर काढतं, त्या सर्व्हरचं भाडं कोण भरतं? अनेकदा कोणीच भरत नाही, कारण सर्व्हरच नसतो. तुमची वाहतूक दुसऱ्या ग्राहकाच्या घरच्या कनेक्शनमधून बाहेर पडते आणि त्याची तुमच्या. त्याने काही उद्योग केले तर नोंद तुमच्या आयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या पत्त्याची. मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ९११ एस५ नावाचं जाळं मोडलं. त्यात १ कोटी ९० लाखांवर आयपी पत्ते होते आणि फुकट व्हीपीएन ॲप टाकणाऱ्यांची यंत्रं त्यात नकळत ओढली गेली होती. तिथे पेटी नव्हती, पण सौद्याची जात तीच.

आकड्यांची फसवणूक सगळ्यात सरळ. खोक्यावरचं एएक्स३००० म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ आणि २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ एमबीपीएस यांची बेरीज. एसी१२०० म्हणजे ८६७ अधिक ३००. हे आकडे हवेतले, कागदी. एकही उपकरण ती बेरीज एकटं वापरत नाही. त्यात राउटर एकाच रेडिओवरून हॉटेलचं वायफाय घेत आणि तुम्हाला देत असेल तर वेग साधारण निम्मा होतो. मागची पोर्टं १०० एमबीपीएसची असतील तर केबलने त्यापुढे काहीच जाणार नाही, पुढच्या बाजूला काहीही छापलेलं असो. आणि प्रवासी राउटरचा खरा आकडा तर खोक्यावर बहुधा नसतोच: व्हीपीएन चालू असतानाचा वेग. तो प्रोसेसरवर ठरतो. जीएल-आयनेटच्या मँगोसारख्या ५८० मेगाहर्ट्झच्या यंत्रातून वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीने जेमतेम ५० एमबीपीएसच्या आसपास निघतात, ओपनव्हीपीएन या दुसऱ्या पद्धतीने त्याहून बरेच कमी. लहान यंत्र म्हणून यात लबाडी काही नाही. त्याच ताकदीचा बोर्ड मोठ्या डब्यात घालून वर दोन शोभेचे अँटेना लावले की लबाडी होते. जो विक्रेता वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएनचे वेग वेगवेगळे सांगत नसेल, त्याच्याकडून घेऊ नका.

आत काय आहे हे न उघडता कळू शकतं. लेबलवर एफसीसी आयडी असेल तर अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे एफसीसीच्या, नोंदीत बहुधा त्या यंत्राचे आतले फोटो सापडतात आणि प्रमाणपत्र मुळात कोणाच्या नावावर आहे तेही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) असेल तर लुसी या तिच्या सेटिंगच्या पडद्याच्या पहिल्या पानावर मॉडेल, मेमरी आणि कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) आवृत्ती दिसते. वायरगार्ड लिनक्स कर्नलमध्ये आलं ते ५.६ मध्ये, मार्च २०२० मध्ये. जुन्या कर्नलवरही ते वेगळं जोडून चालतं, पण नव्या यंत्रात ४.१४ कर्नल दिसला तर चिपच्या कारखान्याने दिलेलं जुनं सॉफ्टवेअरच त्यात अडकलंय असं समजा. मग सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण देणार? ‘नवीन अपडेट आहे’ एवढं पुरत नाही; शेवटच्या दोन-तीन आवृत्त्यांच्या तारखा बघा.

सर्वांत वाईट फसतात ते ‘आधीच सेट करून दिलेला’ किंवा वापरलेला राउटर घेणारे. वायरगार्डची खासगी चावी विक्रेत्याने बनवली असेल तर तिची प्रत त्याच्याकडे असू शकते, आणि त्या चावीने तो तुमच्या घरच्या नेटवर्कमध्ये तुमच्याच नावाने शिरू शकतो. बरेच जण पासवर्ड बदलून निर्धास्त होतात. एसएसएचची (दुरून राउटरमध्ये शिरण्याच्या वाटेची) सार्वजनिक चावी ड्रॉपबेअर या एसएसएच सर्व्हरच्या फोल्डरमधल्या ऑथोराइज्ड-कीज या फाइलमध्ये ठेवली असेल, तर पासवर्ड बदलल्याने तिला काही होत नाही. ‘सेटिंग जपून ठेवा’ हा पर्याय ठेवून अपडेट केलं तर ती नव्या फर्मवेअरमध्येही सुखरूप पोचते. रिसेट बटणावरही भरवसा नको. रिसेटने पुसला जातो तो वरचा थर, म्हणजे नंतर केलेले बदल. विक्रेत्याने करामत मूळ फर्मवेअरच्या फाइलमध्येच भरली असेल, तर रिसेट तुम्हाला त्याच्याच फर्मवेअरवर आणून सोडतं.

म्हणून असा राउटर हातात आला की तो इंटरनेटला न जोडता बूटलोडरमधून (प्रणालीआधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) फ्लॅश करावा, म्हणजे त्यात फर्मवेअर नव्याने लिहावं. आधी उत्पादकाच्या अधिकृत जागेवरून नेमक्या मॉडेलची फाइल घ्या आणि तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइलचा ठसा) तिथल्या आकड्याशी जुळवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने ती काढता येते. लॅपटॉप केबलने लॅन पोर्टला जोडा, त्याचा पत्ता हाताने १९२.१६८.१.२ करा, वायफाय बंद करा. रिसेट बटण दाबून धरूनच राउटरला वीज द्या, दिवा ठरलेल्या वेळा लुकलुकला की सोडा. जीएल-आयनेटच्या बऱ्याच मॉडेलांत मग १९२.१६८.१.१ वर फाइल चढवायचं पान येतं. इतरांत टीएफटीपी हा फाइल पाठवण्याचा साधा मार्ग लागतो. मॉडेलची आवृत्ती चुकली, व्ही१ ऐवजी व्ही२ ची फाइल गेली, तर यंत्र वीट होऊ शकतं, म्हणजे निकामी. आणि फ्लॅश होताना वीज जाऊ देऊ नका. लॅपटॉपच्या यूएसबी २.० पोर्टवर हे करणं म्हणजे संकटाला आमंत्रण: तिथे ५०० मिलिअँपिअर मिळतात, बऱ्याच राउटरांना ५ व्होल्ट २ किंवा ३ अँपिअर लागतात. ‘मधेच बंद पडतो’ या तक्रारींतल्या कित्येक तक्रारी अशा पोर्टच्या किंवा सडपातळ केबलच्या असतात, विक्रेत्याच्या नाही.

आता तोडून बघण्याच्या चाचण्या. प्रवासी राउटर घरच्या राउटरला जोडा आणि दुसरा लॅपटॉप थेट घरच्या राउटरला. त्या लॅपटॉपवरून, प्रवासी राउटरला मिळालेल्या पत्त्यावर एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने टीसीपीची १ ते ६५५३५ पोर्टं तपासा. पिंगला उत्तर आलं तर घाबरू नका, ओपनडब्ल्यूआरटी मुळातच ते देतं. ‘बंद’ दिसलं तरी ठीक. पण २२, ८० किंवा ४४३ (एसएसएच आणि सेटिंगच्या पानाची पोर्टं) ‘उघडं’ दिसलं, तर हॉटेलमधला प्रत्येक पाहुणा तुमच्या राउटरच्या दाराशी उभा राहू शकतो.

दुसरी चाचणी किल स्विचची, म्हणजे व्हीपीएन तुटलं की इंटरनेट अडवणाऱ्या सोयीची, आणि इथे बहुतेक जण स्वतःलाच फसवतात. वायरगार्डचा सर्व्हर बंद केला, इंटरनेट थांबलं, ‘किल स्विच चालतोय’ म्हणून मोकळे झाले. पण वायरगार्डला ‘तुटलं’ अशी अवस्थाच नाही; इंटरफेस उभा असतो आणि पॅकेटं नुसती हरवतात. किल स्विच नसतानाही तेच दिसेल. खरी चाचणी अशी: एंडपॉइंटच्या (व्हीपीएन सर्व्हरच्या पत्त्याच्या) जागी अस्तित्वात नसलेलं नाव लिहा आणि राउटर पुन्हा चालू करा. नाव सापडत नाही म्हणून टनेल (व्हीपीएनची वाट) उभाच राहत नाही. तरीही लॅपटॉपवर पान उघडलं, तर किल स्विच शोभेचा आहे. फायरवॉलच्या पानावर लॅनकडून (तुमच्या बाजूने) वॅनकडे (हॉटेलच्या बाजूला) फॉरवर्डिंग बंद आणि लॅनकडून फक्त व्हीपीएनच्या झोनकडे चालू, असं असायला हवं. मे २०२४ मध्ये समोर आलेल्या टनेलव्हिजनसारख्या हल्ल्यातही हाच नियम कामी येतो. तिथे खोटा डीएचसीपी सर्व्हर (नेटवर्कवर पत्ते वाटणारा) पर्याय १२१ मधून मार्ग घुसवून वाहतूक टनेलबाहेर काढतो. हा नियम असेल तर ती बाहेर न पडता अडते. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) विसरू नका. वायरगार्डच्या अलाउड आयपी या यादीत फक्त ०.०.०.०/० असेल आणि ::/० नसेल, तर हॉटेलने दिलेल्या आयपीव्ही६ वरून अर्धी वाहतूक खुशाल बाहेर जाऊ शकते.

या सगळ्यात प्रामाणिक राउटरही एका जागी अडतो: हॉटेलच्या लॉगिन पानावर. किल स्विच, एन्क्रिप्टेड डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि रिबाइंडिंगपासूनचं (नाव खासगी पत्त्याकडे वळवण्याच्या युक्तीपासूनचं) संरक्षण, तिन्ही ते पान अडवतात. विक्रेता सांगतो, ‘संरक्षण बंद करा, मग चालेल.’ चालतं, आणि मग ते प्रवासभर बंदच राहतं. त्याऐवजी आधी फोन थेट हॉटेलच्या वायफायला जोडून लॉगिन करा, मग फोनचा त्या वायफायवरचा मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) राउटरच्या वॅनला द्या आणि फोनचं हॉटेलचं वायफाय बंद करा. फोनचा मॅक प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा असतो, म्हणून त्याच नेटवर्कच्या माहितीतला पत्ता उचला. जोडणी झाली पण पुढे काही जात नसेल, तर हॉटेलचं सबनेट (पत्त्यांचा गट) आणि राउटरचं सबनेट एकच नाही ना, ते बघा. राउटरचं बदलून १०.७७.५.१ सारखं आडवळणी ठेवा.

चाचणीत नापास झालेला राउटर परत करताना पडद्याचे फोटो ठेवा: एनमॅपचा निकाल, लुसीचं पहिलं पान, खोक्यावरचा दावा. ‘वेग कमी वाटतो’ या तक्रारीला विक्रेता हॉटेलकडे बोट दाखवतो. ‘खोक्यावर गिगाबिट आहे, पोर्ट १०० एमबीपीएसवर जुळतंय’ याला उत्तर द्यावं लागतं. फक्त आधी साध्या केबलऐवजी कॅट-५ई किंवा त्यावरची केबल लावून बघा, चार तारांच्या केबलनेही १०० च दिसतात. आणि राउटर पाठवण्यापूर्वी तुमच्या घरच्या वायरगार्ड सर्व्हरवरून त्याचा पीअर, म्हणजे त्याची नोंद, काढून टाका. राउटर नुसता रिसेट केलात तर तिकडचं दार उघडंच राहतं.