पाटल्या लहान करायला दिल्या, जवळजवळ तीन ग्रॅम सोनं गायब

सासूबाईंच्या जुन्या पाटल्या माझ्याकडे आल्या, माप दोन-सहा, माझ्या हातातून सरळ निसटायच्या म्हणून जवळच्याच एका सराफाकडे दोन-चार मापाच्या करायला टाकल्या. नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको. टाकताना दोन्हीचं मिळून वजन ४०.१०० ग्रॅम, पावतीवर आहे. परत घेताना काटा दाखवतोय ३७.२००! वर मजुरी वेगळीच.

विचारलं तर म्हणे ताई घट जातेच, जुनं सोनं आहे, पॉलिशला मळ निघतो. अहो साध्या पाटल्या आहेत, मळ अडकायला नक्षी तरी हवी ना.

घरी येऊन ह्यांनी हिशोब मांडला. दोन-सहा म्हणजे आतला व्यास २ पूर्णांक ६/१६ इंच आणि दोन-चार म्हणजे २ पूर्णांक ४/१६, व्यासात फरक जेमतेम ३ मिमी पण घेरात धरला तर १० मिमी, म्हणजे १९० मिमीच्या पाटलीतून १० मिमीचा तुकडा कापला जातो, वजनही त्याच प्रमाणात, चाळीस ग्रॅमला साधारण २.१. हे सोनं घटत बिटत नाही हो, तुकडा होऊन त्याच्या ड्रॉवरमध्ये पडतं आणि ते आपलं असतं! वरचं ०.८ कुठे गेलं ते त्यालाच माहीत.

मग दुसरीकडे कॅरेट मीटरवर लावून बघितलं. बाकी पाटली २२ च्या आसपास, जोडावर १७. डाख, म्हणजे तुकडे जोडायला वितळवून लावतात ते सोनं, हलक्या कॅरेटचाच असतो, तो पाटलीच्या आधी वितळावा लागतो, ते ठीक. पण एका पाटलीत जोडाच्या बाजूलाही बोटभर तसंच रीडिंग, म्हणजे जास्त कापून मधे हलकी पट्टी घातलीये.

तुम्ही करणार असाल तर कापलेला तुकडा परत मागा, काट्यावर पाटली आणि तुकडा एकत्र ठेवायला लावा, कानस मारण्यात जाईल तेवढा किरकोळ फरक सोडला तर आधीचं वजन यायलाच हवं. मोठं करत असाल तर उलट, घातलेलं सोनं किती आणि किती कॅरेटचं ते पावतीवर लिहून घ्या, नाहीतर १८ चं घालून २२ चा भाव लावतील.

दुकानात चार गिऱ्हाईकांसमोर आवाज चढवल्यावर दीड ग्रॅम निघालं बरं का, लगेच! बाकीचं पुढच्या खरेदीत ऍडजस्ट करू म्हणतोय, म्हणजे अजून एक दागिना मी त्याच्याकडूनच घ्यायचा.