पांढरा रस्सा पार्सल नेऊ नका

आधी जेवणाचं सांगतो. कोल्हापुरात आमच्या हॉस्पिटलच्या गेटासमोर रस्ता ओलांडला की एक खानावळ लागते. नाव विचारू नका. पाटी एका वळवाच्या पावसात उडाली, ती खानावळवाल्या काकींनी परत लावलीच नाही. सहा टेबलं, चोवीस माणसं, एक पंखा आवाजाचा आणि एक बिनआवाजाचा. मटण ताट ३२० रुपये. त्यात सुकं, तांबडा, पांढरा, दोन भाकरी नाहीतर तीन चपात्या, भात, कांदा, लिंबू. रस्सा हवा तेवढा. पांढऱ्यासाठी वाटी पुढं केली की दुसऱ्यांदा न विचारता भरते. मला मात्र थोडी उशिरा भरते, त्याचं कारण पुढं येईल.

तांबडा चांगला आहे. वर बोटभर तेलाचा तवंग नाही, खोबरं आणि तीळ नीट भाजलेले, चटणी घरची. सुकं कधी कधी कोरडं होतं, विशेषतः दोननंतर गेलात तर. पण इथं जायचं ते पांढऱ्यासाठी. आळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, तासभर मुरलेलं, नारळाचं दूध त्याच दिवशी काढलेलं, खसखस अगदी गंधासारखी वाटलेली. शेवटी दूध घातलं की काकी पातेल्याजवळून हलत नाहीत. एक उकळी जास्त झाली की रस्सा फुटतो. म्हणून तो पातेल्यातून वाटीत आणि वाटीतून तोंडात, एवढाच त्याचा प्रवास.

एवढ्यावर परीक्षण संपायला हरकत नव्हती. पण ही खानावळ महिनोन्महिने कधी किती उघडायची ते ज्या आकड्यावर ठरायचं, त्यातला एक आकडा मी भरत होतो. तेव्हा ते न सांगता नुसतं चवीवर लिहिणं मला जमणार नाही.

मी हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये कारकून. सुया, सलाईन, हातमोजे यांचा हिशोब ठेवणारा माणूस. कोविडमध्ये ऑक्सिजनचा हिशोबही माझ्याकडं आला, आणि त्याच्याबरोबर रोजची बेडची माहिती. एकूण ऑक्सिजन बेड किती, भरलेले किती. एप्रिल-मे २०२१ मध्ये हा हिशोब म्हणजे रोज उरात धडधड. मोठ्या सिलिंडरमध्ये सात हजार लिटर मावतो. मिनिटाला पंधरा लिटर लागणारा पेशंट असला तर एक सिलिंडर पावणेआठ तास जातो. मिनिटाला साठ लिटरच्या मशीनवर गेला तर दोन तासही नाही. रात्री अडीच वाजता गाडी येणार की नाही हे विचारायला फोन लावायचा आणि पलीकडचा माणूस उचलेपर्यंत भिंतीवरचा ऑक्सिजनच्या दाबाचा काटा बघत उभं राहायचं. त्यामुळं त्या दोन महिन्यांत सगळं बंद ठेवलं ते चुकलं असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, सरळ उठून जातो. मेच्या मध्यावर जिल्ह्यात आठ दिवस अगदी कडक बंद होता. आमच्या वॉर्डात त्या आठवड्यात जागा मिळावी म्हणून जिन्यात बसलेले लोक मी पाहिलेत.

काकींची खानावळही बंदच होती म्हणायची. नियमात घरपोच आणि पार्सल बसत होतं. पण पेशंटचे नातेवाईक गेटाबाहेर कडुलिंबाखाली झोपायचे, त्यांना घरपोच कुठं देणार? काकी डबे भरून झाडाखाली आणून द्यायच्या. पिठलं, भात, मिरचीचा ठेचा. पन्नास रुपये, नसतील तर नसू देत. मटण नाही. "सुतकातल्या माणसाला मटण कसं वाढायचं वो दादा," म्हणाल्या. तोपर्यंत कुणाचं काय व्हायचं ते झालेलंही नसायचं, तरी त्यांना ते तसंच वाटायचं.

खरा प्रश्न जूनमध्ये सुरू झाला. ७ जून २०२१ पासून राज्यानं निर्बंधांचे पाच टप्पे आणले. मला ती पद्धत कागदावर आवडली होती, अजूनही आवडते. सगळं राज्य एका कुलपात घालण्यापेक्षा ज्या जिल्ह्यात दवाखान्याला जितका ताण, तितकं तिथं बंद. चाचण्यांत बाधित निघायचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन बेड पाव भागापेक्षा कमी भरलेले, तर पहिला टप्पा, जवळजवळ सगळं खुलं. बाधित दहा टक्क्यांच्या वर किंवा बेड साठ टक्क्यांच्या वर, तर चौथा. दर गुरुवारी आकडे यायचे आणि सोमवारपासून लागू व्हायचे. तिसऱ्या टप्प्यात हॉटेलला दुपारी चारपर्यंत निम्म्या टेबलांवर वाढता यायचं, तेही शनिवार-रविवार सोडून. चौथ्यात फक्त पार्सल आणि घरपोच.

कोल्हापूर चौथ्यात. आमच्याकडं दोन्ही काटे वर होते.

मग काकींचा दर गुरुवारी गेटाशी ठरलेला सवाल. "दादा, टक्का किती भरला?" मी सांगायचो. जिल्ह्याचा टक्का सगळ्या हॉस्पिटलांचा मिळून निघतो, आमची त्यात एक ओळ, हेही सांगायचो. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "म्हंजे भांडी पालथीच."

आता पार्सल. 'पार्सलला परवानगी आहे' हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं पांढरा रस्सा घरी नेऊन तापवून बघितला नसावा. पिशवीत बांधलेला रस्सा घरी जाईपर्यंत कोमट होतो, गॅसवर ठेवला की फुटतो, आणि मग माणूस म्हणतो की काकींचा हात बिघडला. शिवाय 'हवा तेवढा रस्सा' पिशवीत बसत नाही. लोक त्या हवा तेवढ्यासाठी येतात. मटणाच्या दरासाठी २०१९ च्या शेवटी आंदोलन करणारं शहर आहे हे, एका पिशवीत मोजून दिलेल्या रस्स्याला कशाला पैसे देईल? आधी दिवसाला सत्तर-ऐंशी ताटं जायची. पार्सलवर पंधरा गेली तर चांगला दिवस.

मुलानं एक युक्ती काढली. आळणी एका पिशवीत, नारळाचं वाटण दुसऱ्या पिशवीत, घरी जाऊन आळणी तापवा आणि गॅस बंद करून वाटण मिसळा. आमच्या सिस्टरांनी आठवडाभर घेतलं. कुणी गॅस चालू असतानाच मिसळलं, कुणी वाटण फ्रिजमध्ये विसरलं, एकीनं ते चटणी समजून भाकरीला लावलं. बंद पडलं.

हा मुलगा खरं तर शिरोलीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गॅस कटिंग करायचा. एप्रिलमध्ये उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून दवाखान्यांकडं वळवला, तेव्हा त्याचं काम थांबलं आणि तो आईच्या हाताखाली आला. त्या दिवसांत आमच्याकडं येणाऱ्या सिलिंडरांत काही अंगानं पूर्ण काळे असायचे आणि खांद्याला नवा पांढरा रंग मारलेला असायचा. दवाखान्याचा सिलिंडर ओळखायची ती खूण. म्हणजे हे आधी कारखान्यातले. तो डबे द्यायला आला की गाडीतून उतरणाऱ्या सिलिंडरांकडं बघायचा. एकदा म्हणाला, "ह्यातला एखादा आमच्या शेडचा असंल." तक्रार नव्हती त्यात. पण एका सिलिंडरनं एकीकडं माणूस जगतो आणि दुसरीकडं पगार थांबतो, हे मला कुठल्या भाषणापेक्षा त्या काळ्या सिलिंडरांनी जास्त नीट समजावलं.

आता ती बारा बेडची गोष्ट, जिच्यामुळं माझी वाटी उशिरा भरते.

जूनच्या मध्यावर आमच्याकडं ११० ऑक्सिजन बेड चालू होते, त्यातले ७० भरलेले. म्हणजे ६३.६ टक्के. वरच्या मजल्यावर आणखी बारा बेड टाकले होते, पाइपलाइनचे पॉइंट बसले होते, गाद्यांवरचं प्लास्टिक तेवढं काढायचं होतं. पण तिथं सिस्टर नव्हती. ज्यांना नेमायचं होतं त्यातल्या निम्म्या स्वतः आजारी होत्या. ते बारा धरले असते तर १२२ पैकी ७०, म्हणजे ५७.४. पेशंट तेवढेच, ताण तेवढाच, पण आकडा साठच्या खाली.

हे मी काकींना सांगायला नको होतं. चहाच्या नादात सांगून बसलो. त्या हिशोबाला पक्क्या. क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग धरा की ते बारा. बेड हाईत न्हवं?"

"काकी, बेड आहेत, बघायला माणूस नाही. माणूस नसलेला बेड म्हणजे नुसती खाट."

"आमचीबी टेबलं हाईत की. बसायला माणूस न्हाई म्हणून टेबल मोजायचं सोडलंय व्हय आम्ही? भाडं सहा टेबलांचंच भरतोय."

मला उत्तर सुचलं नाही. मी ते बारा धरले नाहीत. आमच्या एका ओळीनं जिल्ह्याचा टप्पा बदलला नसता, आणि बाधितांचं प्रमाण तसंही दहाच्या वर होतं. पण काकींनी त्या दिवशी मला आळणीची वाटी दिली नाही. रोज न मागता द्यायच्या.

त्यांच्या त्या वाक्यावर मी अजून विचार करतो. माझ्या तक्त्यात बेडला रकाना होता, आयसीयूला होता, व्हेंटिलेटरला होता. टक्का दोन दशांशांपर्यंत निघायचा. दुसऱ्या पारड्यात जे होतं, ते मात्र कुणीच तोलत नव्हतं. काकींकडं भाकरी थापायला तीन बाया, रोज तीनशे. त्यातल्या दोघींना घरी बसवलं. एप्रिलमध्ये राज्यानं ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली, त्यात परवानाधारक रिक्षावाल्यांना आणि फेरीवाल्यांना, नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांना पंधराशे रुपये होते. भाकरी थापणाऱ्या बाईची नोंदणी कुठं असते? ती कुठल्याच यादीत नव्हती, म्हणून ती कुठल्याच गुरुवारी वर-खाली झाली नाही. बंद करू नका असं मी म्हणत नाही. मी काटा बघितलाय. पण बंद करताना जसा बेडचा आकडा मागत होते, तसा दर गुरुवारी बसवलेल्या माणसांचाही मागायला काय हरकत होती? एक कारकून मिळालाच असता. फुकट बसलेले बरेच होते तेव्हा.

आणि २०२० मध्ये तर उलटंच झालं होतं. मार्च-एप्रिलला टाळेबंदी लागली तेव्हा आमचे वॉर्ड रिकामे, नेहमीची ऑपरेशनंसुद्धा पुढं ढकललेली, आणि काकींचं शटर खाली. पेशंटांनी हॉस्पिटल भरलं ते सप्टेंबरात. काकी म्हणतात, तेव्हा उगाच बंद ठेवलं. हे मला पटत नाही. त्या रिकाम्या महिन्यांतच आमच्याकडं सिलिंडरची खोली आणि वॉर्डापर्यंतची पाइप झाली. ती नसती तर पुढचं विचारूच नका. पण त्या पाइपचे पैसे सरकारनं भरले तसे थोडे काकींनीही भरले, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. आता इथं लिहितोय, त्या वाचतील असं वाटत नाही.

जुलैत व्यापाऱ्यांनी फार ओरड केली तेव्हा शहरातल्या दुकानांना पाच दिवसांची मुभा मिळाली, मग पूर आला. ते सगळं सांगत बसलो तर भात थंड होईल. १५ ऑगस्टपासून हॉटेलं निम्म्या क्षमतेनं रात्री दहापर्यंत चालू झाली. त्या रविवारी मी गेलो. काकींनी तीन टेबलांवर पाट्या उलट्या ठेवल्या होत्या, म्हणजे तिथं बसायचं नाही. रांग मात्र सहा टेबलांची. वाटी पुढं केली. काकींनी बघितलं, शेजारच्याची भरली, त्याच्या शेजारच्याची भरली, मग माझी.

अजून तसंच आहे. मी त्याला दंड समजतो आणि भरतो. रस्सा तोच असतो.

तर जायचं असेल तर बुधवार, शुक्रवार, रविवार, दुपारी साडेबाराच्या आत किंवा रात्री आठच्या सुमारास. सोमवारी बंद. गाडी हॉस्पिटलच्या आवारात लावू नका, अॅम्ब्युलन्सला वळायला जागा लागते. एक टेबल बेसिनच्या जवळ आहे, तिथं पाय ओले होतात. पाच पैकी चार तारे. एक सुक्यासाठी कापला. भाकरी थापणाऱ्या त्या दोघींपैकी एक परत आलीय, दुसरी आता गांधीनगरात कापडाच्या दुकानात आहे, त्यामुळं गर्दी असली की भाकरीला वेळ लागतो, तेव्हा आधीच सांगून ठेवा. गुगल पे चालतं.

पार्सलमध्ये तांबडा आणि सुकं मिळतं. पांढरा मागितलात तर काकी पिशवी हातात घेतात, तुमच्याकडं बघतात आणि विचारतात, "घर किती लांब हाय?" खरं सांगा.